चल मार्गसूची: नियम, नोंद आणि स्मृती

१

वेबवरील अनुप्रयोग रचण्यासाठी जी फ्रेमवर्के आज प्रचारात आहेत, त्यांची चर्चा करताना डेटाबेसशी होणारा व्यवहार, पृष्ठांचे साचे, सुरक्षितता इत्यादी अंगांचा विचार विस्ताराने केला जातो. मार्गनिर्णयाच्या अंगाची मात्र एक सोय म्हणून ओझरती दखल घेऊन अभ्यासक पुढे जातात. ब्राउझरकडून आलेला पत्ता वाचून त्यास उत्तर देणारा कार्यखंड कोणता हे ठरविणे, यास प्रस्तुत लेखात मार्गनिर्णय म्हटले आहे. आणि ज्या नियमांच्या आधारे हा निर्णय होतो, त्यांच्या संग्रहास मार्गसूची असे नाव दिले आहे. ही सूची कार्यक्रम लिहितानाच कायमची ठरवावी, की कार्यक्रम चालू असताना तीत भर घालण्याची व बदल करण्याची मुभा असावी, हा येथील मुख्य प्रश्न होय. पहिल्या प्रकारास स्थिर व दुसऱ्यास चल मार्गसूची म्हणू.

चल मार्गसूचीचे समर्थन बहुधा सोयीच्या भाषेत केले जाते, आणि तिच्यावरील आक्षेप बहुधा वेगाच्या भाषेत घेतले जातात. हे दोन्ही निकष अपुरे आहेत असे आमचे मत आहे. पत्ता ही केवळ यंत्राची अंतर्गत बाब नाही. तो छापला जातो, उद्धृत केला जातो, न्यायनिर्णयांत व प्रबंधांत आधार म्हणून दिला जातो. म्हणून मार्गसूची उद्याचा पत्ता किती सहजतेने स्वीकारते याबरोबरच कालचा पत्ता ती किती निष्ठेने सांभाळते, हेही तपासले पाहिजे. या दुसऱ्या कसोटीवर आजची प्रमुख फ्रेमवर्के कितपत उतरतात, ते पुढे पाहावयाचे आहे.

२

प्रथम थोडा पूर्वेतिहास. यूआरएलची प्रमाणभूत व्याख्या डिसेंबर १९९४ मध्ये आरएफसी १७३८ या दस्तऐवजाने केली. आज प्रमाण मानले जाणारे सामान्य व्याकरण जानेवारी २००५ च्या आरएफसी ३९८६ चे आहे. आरंभीच्या काळात पत्ता म्हणजे बहुतांशी सर्व्हरवरील फाइलचे स्थान, अशीच स्थिती होती. फाइल हलली की पत्ता मोडे. राल्फ एंगेलशाल यांनी १९९६ मध्ये अपाची सर्व्हरसाठी लिहिलेल्या मॉड-रीराइट या घटकाने बाहेरचा पत्ता आणि आतली फाइल यांची फारकत नियमांच्या साहाय्याने करण्याची वाट मोकळी केली. पुढे आलेल्या फ्रेमवर्कांनी हेच तत्त्व सर्व्हरच्या मांडणीतून उचलून अनुप्रयोगाच्या गाभ्यात आणले.

या दृष्टीने रेल्स आणि जँगो ही दोन फ्रेमवर्के तुलनेस योग्य आहेत. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांचे रेल्स २००४ मध्ये प्रसिद्ध झाले; अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कार्यालयात अ‍ॅड्रियन होलोव्हाटी व सायमन विलिसन यांनी आरंभिलेले जँगो २००५ मध्ये सर्वांस खुले झाले. रेल्सच्या पहिल्या आवृत्त्यांत एक व्यापक नियम आयताच मिळे: पत्त्याचा पहिला खंड म्हणजे नियंत्रकाचे नाव, दुसरा म्हणजे क्रियेचे नाव, तिसरा म्हणजे क्रमांक. या नियमामुळे लेखकाचे श्रम वाचत. परंतु कार्यक्रमातील अंतर्गत नावे जशीच्या तशी जगापुढे येत, आणि प्रत्येक क्रिया साध्या वाचनविनंतीने चालविता येई. रेल्सच्या तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २०१० मध्ये, हा नियम जुना व अशिफारसीय म्हणून टीपेत ढकलला गेला. जँगोने मात्र आरंभापासूनच पत्ता व कार्यखंडाचे नाव यांचा संबंध तोडून टाकला. तेथे प्रत्येक नियम लेखकाने स्वतः लिहावयाचा असतो.

ज्या पद्धतीत सूची अशी लिहून ठेवलेली असते, तिचे गुण उघड आहेत. सूची वाचता येते. तिची चाचणी घेता येते. कोणता नियम केव्हा बदलला याचा इतिहास कार्यक्रमाच्या आवृत्त्यांबरोबर राहतो. शिवाय नियमास नाव दिले असल्यास उलट दिशेनेही जाता येते, म्हणजे नावावरून पत्ता तयार करता येतो, आणि साच्यांत पत्ते हाताने लिहिण्याची गरज उरत नाही. स्थिर सूचीचे हे बळ तिच्या विरोधकांनी पुरेसे लक्षात घेतलेले नाही.

३

मग चल सूचीची आवश्यकता कोठे उत्पन्न होते? संपादकास पृष्ठाचे नाव स्वतः ठरवावयाचे असते. एकाच अनुप्रयोगावर अनेक संस्थांची स्वतंत्र स्थळे चालवावयाची असतात. एखादा जोडघटक बसविला की त्याचे मार्ग आपोआप उपलब्ध व्हावेत अशी अपेक्षा असते. या गरजा खऱ्या आहेत. त्या भागविण्याचे तीन उपाय प्रचारात आढळतात, आणि त्यांची योग्यता सारखी नाही.

पहिला उपाय म्हणजे चालू कार्यक्रमाच्या स्मृतीतील सूचीत नवा नियम घालणे. हा सर्वांत सुचणारा आणि सर्वांत दुबळा उपाय होय. प्रत्यक्ष वापरातील अनुप्रयोग एका प्रक्रियेत चालत नाही. एकाच वेळी अनेक प्रक्रिया, पुष्कळदा अनेक यंत्रांवर, विनंत्या वाटून घेत असतात. एका प्रक्रियेच्या स्मृतीत घातलेला नियम शेजारच्या प्रक्रियेस ठाऊक नसतो. परिणामी तोच पत्ता एका क्षणी पृष्ठ दाखवितो व दुसऱ्या क्षणी ४०४ ही 'सापडले नाही' अशी खूण परत करतो. प्रक्रिया पुन्हा सुरू झाली की नियम नाहीसाच होतो. फ्लास्क या फ्रेमवर्कने या बाबतीत घेतलेली भूमिका आम्हांस स्तुत्य वाटते: पहिली विनंती हाताळून झाल्यावर नवा मार्ग नोंदविण्याचा प्रयत्न केल्यास ते स्पष्ट दोष दाखविते. फसवी मुभा देण्यापेक्षा सरळ नकार बरा.

दुसरा उपाय म्हणजे डेटाबेसमधील नोंदींवरून संपूर्ण सूची पुन्हा तयार करणे. रेल्समध्ये मार्गांची फाइल नव्याने वाचण्याची आज्ञा आहे. वर्डप्रेसमध्ये पुनर्लेखनाचे सर्व नियम तयार करून ते मांडणीच्या तक्त्यात एक संच म्हणून ठेवले जातात, व बदल झाल्यावर तो संच नव्याने बांधावा लागतो. ही बांधणी खर्चिक असल्याने ती प्रत्येक विनंतीच्या वेळी करू नये, असा इशारा दिला जातो. येथे सूची सर्व प्रक्रियांस समान राहू शकते. पण एका पृष्ठाच्या नावासाठी सारे व्याकरण पुन्हा छापावे, असा हा प्रकार आहे.

तिसरा उपाय म्हणजे लिखित नियम संपल्यावर शेवटी एक सर्वग्राही टप्पा ठेवणे, आणि त्यात आलेला पत्ता डेटाबेसमधील नोंदीशी ताडून पाहणे. जँगोबरोबर येणारा फ्लॅटपेजेस हा घटक याच रीतीने चालतो: इतर कोणत्याही नियमाने उत्तर न मिळाल्यास, ४०४ ची खूण बाहेर पडण्यापूर्वी, तो पत्ता तक्त्यात शोधला जातो. सिम्फनीवर आधारलेल्या सीएमएफ प्रकल्पाने हीच कल्पना अधिक शिस्तीने मांडली. तेथे अनेक राऊटर साखळीने जोडलेले असतात, एक लिखित नियम पाहतो व दुसरा नोंदी पाहतो.

या तिसऱ्या उपायाचे महत्त्व केवळ व्यावहारिक नाही. त्याने नियम आणि नोंद यांतील भेद ओळखला आहे. 'लेख, मग वर्ष, मग महिना' हा नियम होय. तो असंख्य पत्त्यांचे एकाच सूत्रात वर्णन करतो. 'आमच्याविषयी' या नावाचे अमुक पृष्ठ, ही नोंद होय. ती एका व्यक्तिविशेषापुरती असते. भाषेत व्याकरण आणि कोश यांचे जे नाते, तेच येथे आहे. शब्द नवा आला म्हणून कोणी व्याकरण बदलीत नाही, कोशात भर घालतो. चल मार्गसूचीच्या बहुतेक अडचणी कोशाचे काम व्याकरणाकडून करवून घेतल्याने उद्भवल्या आहेत. संपादकाचे स्वातंत्र्य नोंदींपुरते असावे आणि नियम लेखकाच्या हाती स्थिर राहावेत, ही विभागणी ज्या रचनेत स्वच्छ असते तीच टिकते.

४

नियमांमध्ये विरोध आल्यास कोणता प्रबळ मानावा, हा प्रश्न आपल्या शास्त्रपरंपरेस अपरिचित नाही. सामान्य नियम तो उत्सर्ग, विशेष नियम तो अपवाद, आणि अपवादाने उत्सर्गाचा बाध होतो, ही पाणिनीय परंपरेतील व्यवस्था आहे. तुल्यबळ नियमांत विरोध आल्यास नंतरचा प्रबळ, असाही संकेत तेथे दिलेला आहे. मार्गसूचीच्या रचनाकारांना हाच प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावा लागला, आणि त्यांची उत्तरे परस्परांहून भिन्न आहेत.

जँगो, रेल्स व एक्सप्रेस यांमध्ये जो नियम आधी लिहिला तो प्रबळ. सूची एका फाइलीत वरून खाली वाचली जाते तोवर हा संकेत सुबोध आहे. परंतु सूची चल झाली की 'आधी' या शब्दाचा अर्थ पालटतो. तो लेखनाचा क्रम न राहता घटनांचा क्रम होतो. कोणता जोडघटक आधी बसविला गेला, यावर पत्त्याचा अर्थ अवलंबून राहणे हे कोणत्याही शास्त्रास शोभणारे नाही.

ड्रुपलने विशेषतेचे गणित मांडले. पत्त्याच्या प्रत्येक ठरीव खंडास एक व बदलत्या खंडास शून्य असे अंक देऊन जी द्विमान संख्या होते, ती त्या नियमाची विशेषता. पहिला खंड ठरीव, दुसरा बदलता, तिसरा ठरीव असल्यास १०१, म्हणजे पाच. तिसराही बदलता असल्यास १००, म्हणजे चार. मोठी संख्या प्रबळ. नोंदणीचा क्रम कोणताही असो, निर्णय एकच होतो. गो भाषेच्या १.२२ या आवृत्तीतील, फेब्रुवारी २०२४ मधील, राऊटर याहून कठोर आहे. विशेष नियमाने सामान्याचा बाध तेथेही होतो. पण दोन नियमांपैकी कोणताच दुसऱ्याहून विशेष नसेल तर नोंदणीच नाकारली जाते. 'लेख' या ठरीव खंडानंतर काहीही, हा एक नियम, आणि कशाही नंतर 'नवीनतम', हा दुसरा, असे दोन्ही असताना 'लेख/नवीनतम' हा पत्ता कोणाचा? ड्रुपलचे गणित डावीकडच्या खंडास अधिक वजन देऊन पहिल्याच्या बाजूने निमूटपणे कौल देईल. गो दोघांसही एकत्र नांदू देणार नाही. चल सूचीसाठी आम्हांस दुसरी भूमिका अधिक योग्य वाटते. ज्या संदिग्धतेचा निर्णय यंत्र गुपचूप करते, ती पुढे कोणाच्या तरी पत्त्याचा बळी घेऊन प्रकट होते.

५

आता भाषेच्या बाजूने एक परीक्षा. पृष्ठाच्या शीर्षकावरून पत्त्याचा जो सुटसुटीत खंड तयार करतात, त्यास स्लग म्हणतात. चल मार्गसूचीत हे काम बहुधा यंत्राकडे सोपविलेले असते. जँगोतील स्लग करणारे साधन मूळ स्थितीत रोमन लिपीबाहेरची सर्व अक्षरे गाळून टाकते. त्यामुळे मराठी शीर्षकातून काहीच उरत नाही. युनिकोड अक्षरे राहू द्यावीत अशी सूचना दिल्यास अधिक चमत्कारिक परिणाम होतो. पायथॉन भाषेतील 'शब्दघटक अक्षर' या कल्पनेत देवनागरीची व्यंजने व स्वर बसतात, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्ताचे चिन्ह बसत नाही. म्हणून 'मराठी'चे 'मरठ' होते. 'पुणे', 'पेण' आणि 'पाणी' या तिन्ही शब्दांचे 'पण' होते. एका शहराचे, एका गावाचे आणि एका पदार्थाचे पृष्ठ एकाच पत्त्यावर हक्क सांगू लागते. त्याच फ्रेमवर्कच्या मार्गनियमांत 'स्लग' हा जो तयार प्रकार आहे, तो तर केवळ रोमन अक्षरे, अंक, आडवी रेघ व अधोरेषा एवढेच ओळखतो.

वर्डप्रेस अक्षरे गाळीत नाही, पण त्यांची शतमानचिन्हांकित रूपे साठविते. देवनागरीचे एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे, आणि प्रत्येक बाइट तीन खुणांनी लिहिला जात असल्याने एकूण नऊ खुणांचे होते. 'मराठी' हा पाच चिन्हांचा शब्द पंचेचाळीस खुणा घेतो. नावाच्या रकान्याची मर्यादा २०० असल्याने मराठी स्लगास सुमारे बावीस चिन्हे मिळतात, तर इंग्रजीस दोनशे. शिवाय 'दऱ्या' या शब्दातील अर्ध्या र-कारासारखे अक्षर दोन वेगवेगळ्या चिन्हक्रमांनी टंकता येते. डोळ्यांस दोन्ही सारखेच दिसतात. मार्गसूचीस ते दोन पत्ते असतात, आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही हा भेद नेहमी मिटत नाही. पत्ता मराठीत असावा की नसावा हा वेगळा वाद आहे. परंतु जी साधने सर्व भाषांसाठी म्हणून दिली जातात, ती 'पुणे' आणि 'पाणी' यांत भेद करू शकत नसतील, तर हे त्यांचे वैगुण्य मानले पाहिजे.

६

आता मुख्य कसोटीकडे वळू. टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच असे प्रतिपादन केले होते की चांगला पत्ता बदलत नसतो, आणि पत्ते मोडतात ते तंत्राच्या अपरिहार्यतेमुळे नव्हे, माणसांच्या निष्काळजीपणामुळे. झिट्रेन, अल्बर्ट व लेसिग यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे दिसून आले की अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांत उद्धृत झालेल्या पत्त्यांपैकी सुमारे ५० टक्के, आणि हार्वर्डच्या विधिविषयक नियतकालिकांतील ७० टक्क्यांहून अधिक पत्ते, मूळ उद्धृत मजकुराकडे नेत नव्हते. प्यू संशोधन केंद्राच्या २०२४ च्या अहवालानुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पृष्ठांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी अप्राप्य झाली होती. ही सारी हानी मार्गसूचीमुळे झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. स्थळे बंद पडतात, मजकूर काढून टाकला जातो. परंतु जी हानी केवळ नाव बदलल्याने होते, ती टाळणे पूर्णतः फ्रेमवर्कच्या हाती आहे.

या बाबतीत स्थिती समाधानकारक नाही. जँगोमध्ये जुना पत्ता व नवा पत्ता यांची जोडी ठेवणारा घटक आहे, आणि नवा पत्ता रिकामा ठेवल्यास ४१० ही 'कायमचे गेले' अशी प्रामाणिक खूण देण्याची सोयही त्यात आहे. पण तो घटक ऐच्छिक असून जोड्या संपादकाने हाताने भरावयाच्या असतात. ड्रुपलमध्ये उपनाव बदलले की जुने आपोआप जपण्याची व्यवस्था मूळ संचात नाही. त्यासाठी निराळे मॉड्यूल बसवावे लागते. रेल्समध्येही हे काम फ्रेंडली आयडीसारख्या बाहेरच्या घटकाकडे आहे. वर्डप्रेस नाव बदलल्यावर जुने नाव स्वतःहून लक्षात ठेवते, आणि ही गोष्ट गौरवास पात्र आहे. परंतु ही स्मृती लेखांपुरती आहे, श्रेणीबद्ध पृष्ठांस ती लागू नाही. त्यांच्या बाबतीत मिळत्याजुळत्या नावाचा अंदाज बांधला जातो. संस्थांची नियमावली, सूचना, प्रवेशाची माहिती सामान्यतः अशाच पृष्ठांवर असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या अपवादाचे गांभीर्य कळून येते.

स्मृती कशाशी जोडावी, यातही तारतम्य आहे. जुना पत्ता नव्या पत्त्याशी जोडल्यास प्रत्येक नामांतराबरोबर साखळी लांबत जाते, आणि नाव फिरून मूळ पदावर आल्यास चक्र निर्माण होते. जुना पत्ता वस्तूशी, म्हणजे त्या पृष्ठाच्या अचल क्रमांकाशी, जोडल्यास हे दोन्ही दोष उद्भवत नाहीत. या दृष्टीने वर्डप्रेसची रीत, व्याप्ती अपुरी असली तरी, तत्त्वतः अधिक शुद्ध आहे.

याहून सूक्ष्म दोष म्हणजे पत्त्याचा पुनर्वापर. गिटहबवर भांडाराचे नाव बदलल्यास जुना पत्ता नव्याकडे वळविला जातो. परंतु त्याच खात्यात जुन्या नावाचे नवे भांडार निर्माण झाले की हे वळण संपते. मोडलेला पत्ता वाचकास निदान सावध करतो. दुसऱ्याच वस्तूकडे नेणारा पत्ता त्यास फसवितो, आणि फसविले गेल्याचे त्यास कळतही नाही.

काहींचा आक्षेप असा की सर्व जुने पत्ते जपल्यास सूची अवाढव्य होईल. हा आक्षेप नियमांच्या सूचीस लागू पडतो, नोंदींच्या तक्त्यास नाही. शेकडो नियम क्रमाने ताडून पाहणे महाग असते. अनुक्रमित रकान्यात एक पत्ता शोधणे लाखो नोंदींतही स्वस्त असते. नियम आणि नोंद यांचा भेद येथेही उपयोगी पडतो.

यावरून आमचे प्रतिपादन एवढेच आहे. चल मार्गसूचीच्या तक्त्यात प्रत्येक नोंदीस पत्ता, वस्तू, आरंभाची तारीख आणि समाप्तीची तारीख असे चार रकाने असावेत. नोंद समाप्त करता यावी, पुसता येऊ नये. आणि एका वस्तूस दिलेला पत्ता दुसऱ्या वस्तूस देण्याची वेळ आल्यास यंत्राने तसे स्पष्ट बजावावे. गावचा तलाठी फेरफार नोंदवितो तेव्हा जुन्या खातेदाराचे नाव कंस करून वगळतो, पण ते वाचता येईल असे तेथेच राहते. नोंदवहीवरील विश्वास त्यानेच टिकतो. संपादकास नाव बदलण्याचे स्वातंत्र्य अवश्य असावे. परंतु जुन्या नावाने हाक मारीत येणाऱ्या वाचकास दारातून परत पाठविण्याचा अधिकार त्या स्वातंत्र्यात अंतर्भूत नाही. आणि हा विवेक प्रत्येक संपादकाच्या दक्षतेवर न सोपविता फ्रेमवर्कच्या मूळ रचनेतच असला पाहिजे.